उपऱ्यांना निवडणारे उपनगर

मुंबईच्या राजकीय इतिहासावर बोलणाऱ्यांचे ठोकळमानाने दोन गट आहेत. एकाला शिवसेनेचा उदय ही मराठी माणसाच्या स्वाभिमानाची पहाट वाटते, दुसऱ्याला ती बहुभाषिक मुंबईची संध्याकाळ वाटते. या दोघांचे सहसा कशावरच जमत नाही. जमते ते एकाच मजकुरावर. तो असा, की १९६७ साली उपनगरातल्या मराठी मतदाराने माजी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन या ‘मद्राशा’ला भाषेवरून पाडले आणि पाडण्याचे हे काम अवघ्या आठ महिन्यांच्या शिवसेनेने केले. पहिला गट हे छाती पुढे काढून सांगतो, दुसरा सुस्कारा टाकून. भांडणारे दोघे एका गोष्टीवर सहमत असले की आपण ती खरी धरून चालतो. मला मात्र अशा जागी शंका येते, कारण ज्या कथेत दोन्ही पक्षांचा लाभ आहे ती तपासून पाहण्याची गरज कोणालाच पडत नाही.

शास्त्रार्थाची जुनी रीत अशी की आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी उभा करावा. तो असा आहे. ‘मार्मिक’ साप्ताहिक १९६० पासून निघत होते आणि कचेऱ्या-कारखान्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापून मराठी तरुणाला डिवचत होते. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस शिवाजी पार्कवर दसऱ्याचा पहिला मेळावा भरला आणि गर्दीने सगळ्यांनाच चकित केले. फेब्रुवारी १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत सेनेने मेनन यांच्याविरुद्ध आणि काँग्रेसचे उमेदवार स. गो. बर्वे यांच्या बाजूने उघड प्रचार केला. पाच वर्षांपूर्वी १,४५,३६७ मतांच्या आघाडीने जिंकलेले मेनन १३,१६९ मतांनी हरले. पुढे लगेच झालेल्या पोटनिवडणुकीतही हरले. एवढ्या घटना एकाखाली एक लिहिल्या की त्यांच्यात कार्यकारणभाव आपोआप दिसू लागतो.

आता उत्तरपक्ष. आणि त्याची सुरुवात मेनन यांच्यापासून करता येत नाही, जमिनीपासून करावी लागते.

‘उत्तर मुंबई’ हे नाव आपल्याला फसवते. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ‘मुंबई शहर उत्तर’ नावाचा मतदारसंघ होता, पण तो उपनगरांचा नव्हता. तो शहराच्या उत्तर भागातला, गिरणगावाच्या अंगाचा, दोन जागांचा संघ होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना नारायण काजरोळकरांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवले, तो हा संघ. उपनगरांसाठी तेव्हा ‘मुंबई उपनगर’ नावाचा वेगळा मतदारसंघ होता आणि तिथून काँग्रेसच्या जयश्री रायजी निवडून आल्या होत्या. १९५७ साली उपनगरचे नाव पुसले गेले, ‘उत्तर’ हे नाव वर सरकले आणि माहीमच्या खाडीपलीकडच्या प्रदेशाला जाऊन चिकटले. आंबेडकरांना पाडणारी उत्तर मुंबई आणि मेनन यांना डोक्यावर घेणारी उत्तर मुंबई एकच, असे समजून लिहिलेले लेख मी वाचले आहेत. नाव एकच आहे, माणसे वेगळी आहेत.

हा प्रदेश मुंबईचा झाला तोच मुळी उशिरा. साष्टी बेट कधी पोर्तुगीजांकडे, १७३९ नंतर मराठ्यांकडे, १७७४ पासून इंग्रजांकडे. कारभार ठाण्याच्या अंगाने चाले. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला गेला. महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. म्हणजे ज्या महिन्यात मेनन पहिल्यांदा इथे मते मागत होते, त्याच सुमारास मतदारांपैकी बरेच जण कागदोपत्री मुंबईकर होत होते. मूळचे ईस्ट इंडियन आणि कोळी गावठाणवाले, पार्ल्यातले मराठी मध्यमवर्गीय, घाटकोपरचे गुजराती, फाळणीनंतर चेंबूर-मुलुंडला वसवलेले सिंधी निर्वासित, कुर्ल्याचे गिरणी कामगार, तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत आणि अणुशक्ती केंद्रात आलेले दाक्षिणात्य कारकून व तंत्रज्ञ, विक्रोळीचे कारखाना-कामगार. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४३ टक्के होते. उपनगरात प्रत्येकजण कुठून तरी आलेलाच होता. ज्याचे आजोबा रत्नागिरीहून आले तो स्थानिक आणि ज्याचे वडील पालघाटहून आले तो उपरा, हा हिशेब तेव्हा अजून नीट मांडला गेला नव्हता.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या वणव्यात झाली. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला जेमतेम वर्ष झाले होते. शेजारच्या मध्य मुंबईत संयुक्त महाराष्ट्र समितीने दोन्ही जागा जिंकल्या, डांगे आणि माने. महाराष्ट्रभर काँग्रेसची दाणादाण उडाली. आणि उपनगरांनी मात्र काँग्रेसच्या तिकिटावर उभ्या असलेल्या एका मल्याळी माणसाला निवडून दिले, ज्याचा मुंबईशी तोवर काही संबंध नव्हता आणि ज्याचे निम्मे आयुष्य लंडनमध्ये गेले होते. त्यांच्याविरुद्ध प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस होते. गोवा मुक्तीच्या लढ्यातला हा मोठा माणूस, पुढे १९६३ मध्ये पणजीतून लोकसभेवर गेला. म्हणजे सामना मल्याळी विरुद्ध गोमंतकीय असा होता. ‘मराठी बाणा’ कोणत्या बाजूला मोजायचा?

काहींनी यावरून सोपा निष्कर्ष काढला की उपनगरे अमराठी होती, म्हणून समितीला भीक घातली नाही. त्यात थोडे तथ्य असेल. पण त्यापेक्षा जवळचे कारण वर्तमानपत्रांत होते. मेनन यांनी जानेवारी १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तास भाषण केले होते. मते पडायच्या वेळी ते भाषण ताजे होते. उपनगरांनी एक मल्याळी निवडला नाही, काश्मीरवर भारताची बाजू लढवणारा माणूस निवडला. ही खूण लक्षात ठेवावी. हा मतदारसंघ दिल्लीकडे तोंड करून मत देत आला आहे.

१९६२ साली तर उत्तर मुंबईची निवडणूक जगभर गाजली. एका बाजूला संरक्षणमंत्री मेनन, दुसऱ्या बाजूला आचार्य कृपलानी. स्वातंत्र्याच्या वेळचे काँग्रेस अध्यक्ष, नंतर नेहरूंचे कडवे टीकाकार. बिहारमधली आपली सीतामढीची जागा सोडून ते मुद्दाम मेनन यांना पाडायला मुंबईत आले. जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि प्रजासमाजवादी त्यांच्यामागे. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने मेनन यांना मुखपृष्ठावर घेतले. नेहरू स्वतः प्रचाराला आले आणि मेनन यांची निवडणूक ही आपल्या धोरणाची निवडणूक आहे असे त्यांनी मानले. सिनेमावाल्यांत दिलीपकुमार सभा घेत हिंडले. कम्युनिस्टांनी काँग्रेसच्या या एका उमेदवारासाठी रान उठवले. आचार्य अत्रे, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी काँग्रेसवाल्यांना सळो की पळो केले होते, तेही या वेळी ‘मराठा’तून मेनन यांच्या बाजूने. मुंबई विद्यापीठातल्या आलू दस्तूर यांनी या एका निवडणुकीवर पुरते पुस्तक लिहिले, यावरून तिचे वजन कळावे.

निकाल: मेनन २,९६,८०४, कृपलानी १,५१,४३७. मराठी मतदार भाषेवर मत देतो असे सांगणाऱ्यांनी या आकड्यांशी आधी भांडावे. मल्याळी विरुद्ध सिंधी, मराठी माणूस शर्यतीतच नाही, आणि मराठी कामगार, मराठी कम्युनिस्ट, मराठी संपादक मेनन यांच्यासाठी जीव तोडतात. का? दोनच महिन्यांपूर्वी डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला होता आणि ते घडले ते मेनन संरक्षणमंत्री असताना. कोकणाशी नाळ असलेल्या उपनगरातल्या माणसाला गोवा म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हता, सासुरवाडी होती, कुलदैवत होते. दुसरे असे, की डावे आणि उजवे अशी सरळ फाळणी त्या निवडणुकीत पडली होती आणि मराठी कामगाराला आपली बाजू ठाऊक होती. त्यात भाषेचा प्रश्न कुठे येतो?

मग पाच वर्षांत काय बदलले? पूर्वपक्ष म्हणतो, शिवसेना आली. मी म्हणतो, त्याआधी आणखी तीन गोष्टी बदलल्या आणि त्या तिन्ही सेनेहून जुन्या व मोठ्या आहेत.

पहिली, चीन. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी फौजा नेफा आणि लडाखमध्ये घुसल्या आणि देशाने एका माणसाकडे बोट दाखवले. महिनाअखेर मेनन यांचे संरक्षण खाते गेले, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंत्रिपदही. त्यांच्या जागी गेले ते यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे घराघरांत म्हटले गेले. ज्या मतदारसंघाने फेब्रुवारीत २ लाख ९७ हजार मते दिली, त्याच्या खासदाराला नोव्हेंबरात संसदेत उभे राहणे अवघड झाले. त्यानंतर मेनन यांच्याबद्दल मत देण्याची उपनगरांना पहिली संधी मिळाली ती थेट १९६७ मध्ये. दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत शिवसेनेचे वय आठ महिने आहे आणि युद्धाच्या जखमेचे वय चार वर्षे. तरीही पराभवाचे श्रेय आठ महिन्यांच्या खात्यावर जमा होते. १९५७ ला काश्मीरमुळे आणि १९६२ ला गोव्यामुळे जिंकलेला माणूस चीनमुळे हरला, असे म्हटले तर मतदार आधीच्याच रीतीने वागला असे ठरते. पण त्यात गोष्टीची गंमत राहत नाही, म्हणून ते कोणी म्हणत नाही.

दुसरी, सीमा. १९६१ च्या जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना झाली. मुंबईला चाराऐवजी पाच जागा मिळाल्या आणि वाढीव जागा फुगलेल्या उपनगरांच्या पोटातून निघाली. ‘उत्तर मुंबई’ संपली. तिच्या जागी वायव्य मुंबई आणि ईशान्य मुंबई असे दोन संघ आले. मेनन १९६७ ला लढले ते ईशान्य मुंबईतून. म्हणजे ज्या मतदारसंघाने त्यांना दोनदा निवडले त्याने त्यांना कधीच पाडले नाही. तो मतदारसंघ त्यांच्या आधीच गेला होता! तरीही १९६२ ची आघाडी आणि १९६७ ची पिछाडी शेजारी मांडून ‘केवढा हा उलटफेर’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पाच एकरांच्या शेताचे पीक आणि अडीच एकरांचे पीक यांची अशी तुलना कोणता शेतकरी करेल? फोडलेल्या मतदारसंघाच्या एका भागात मेनन यांना १ लाख ५८ हजारांहून अधिक मते पडली. आधीच्या निम्म्याहून जास्त. वस्ती दरम्यान वाढली होती हे खरे, पण मतांची ‘पडझड’ शोधून सापडत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे आणि तिच्याबद्दल दोन्ही गट मौन पाळतात. मेनन यांना ‘उपरा’ हा शब्द पहिल्यांदा शिवसेनेने चिकटवला नाही. काँग्रेसने चिकटवला. मुंबई प्रदेश काँग्रेसवर तेव्हा स. का. पाटलांची पकड होती. मेनन यांच्या डाव्या धोरणाशी त्यांचे जन्माचे वैर. १९६७ च्या तिकीट वाटपात मेनन यांना उमेदवारी नाकारली गेली आणि कारण पुढे केले गेले ते हेच, की ते महाराष्ट्राचे नाहीत. दहा वर्षे ते महाराष्ट्राचे नव्हतेच. ते कोणाला खटकले नव्हते. मेनन पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसचे बैलजोडी हे चिन्ह बर्वे यांच्याकडे गेले. निरक्षर मतदाराला तेव्हा चिन्ह म्हणजेच उमेदवार होता, आणि दोनदा बैलजोडीवर शिक्का मारून मेनन यांना निवडणाऱ्या कुर्ला-भांडुपच्या बाईला यंदा बैलजोडीवर शिक्का मारला की मेनन पडतात, हे समजावून सांगायचे होते. चिन्हाविना, पक्षाविना, पदाविना, सत्तरीच्या उंबरठ्यावरचा आजारी माणूस १ लाख ५८ हजार मते घेतो, यात मला मतदाराचा संकुचितपणा दिसत नाही. दिसते ते उलटेच.

बर्वे कोण होते हेही सांगितले पाहिजे, कारण प्रचलित कथेत ते नुसते ‘मराठी उमेदवार’ म्हणून येतात, जणू दुसरा कोणताही मराठी माणूस तिथे चालला असता. सदाशिव गोविंद बर्वे आयसीएस अधिकारी. पुणे महानगरपालिकेचे पहिले आयुक्त. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर उद्ध्वस्त पुणे पुन्हा उभे करण्याच्या कामात त्यांचा वाटा पुणेकर अजून सांगतात. १९६२ ला ते पुण्याच्या शिवाजीनगरातून आमदार झाले, राज्यात मंत्री झाले, नंतर केंद्रीय नियोजन आयोगाचे सदस्य. असा स्वच्छ, कर्तबगार माणूस काँग्रेसच्या यंत्रणेसह समोर असताना तेरा हजारांनी हरणे ही काही भाषिक उद्रेकाची खूण नाही. आणि एक बारीक गोष्ट: मुंबईच्या दृष्टीने बर्वेही बाहेरचेच होते.

सेनेच्या प्रचाराचा काहीच परिणाम झाला नाही, असे मी म्हणत नाही. तेरा हजारांचा फरक कोणत्याही एका धक्क्याने भरून निघू शकतो. मेनन यांच्याविरुद्ध गल्लोगल्ली फिरणारी तरुण पोरे सेनेने पुरवली आणि काँग्रेसला ती हवीच होती. सेनेच्या चळवळीवर अभ्यास करणाऱ्या मेरी कॅट्झेनस्टाइन आणि दीपंकर गुप्ता यांच्यासारख्या विद्वानांनी या प्रचाराची दखल घेतली आहे, ती योग्यच. पण फरक जितका लहान, तितकी ‘आम्हीच पाडले’ म्हणणाऱ्यांची रांग लांब होते. चिन्हाने पाडले, चीनने पाडले, पाटलांनी पाडले, पुनर्रचनेने पाडले, यातले प्रत्येक विधान तेवढ्याच हक्काने करता येते. मतपेटीत मातृभाषेचा रकाना नसतो.

त्याच निवडणुकीत, त्याच शहरात, काय घडले? दक्षिण मुंबईत मंगळूरहून आलेल्या जॉर्ज फर्नांडिस या तरुण कामगार पुढाऱ्याने खुद्द स. का. पाटलांना पाडले. पाटील अस्सल कोकणातले. मराठी मतदार जागा होऊन उपऱ्यांना हाकलत असेल, तर त्याला दक्षिण मुंबईत झोप लागली होती काय? मेनन यांच्या पराभवाची कथा सांगणारे फर्नांडिस यांच्या विजयाची कथाही सांगतात, पण वेगळ्या प्रकरणात. दोन्ही एका पानावर आल्या तर पहिली टिकत नाही.

आक्षेपक म्हणेल, पोटनिवडणुकीचे काय? बर्वे निवडून आल्यावर काही आठवड्यांत, मार्च १९६७ मध्ये वारले. त्यांची बहीण तारा सप्रे काँग्रेसतर्फे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा हरले. नुकत्याच गेलेल्या भावाची जागा बहीण मागते तेव्हा काय होते हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. सहानुभूतीला भाषिक अस्मिता म्हणायचे असेल तर प्रश्नच मिटला. आणि पुढे १९६९ मध्ये मेनन बंगालमधल्या मिदनापूरमधून जिंकले, म्हणून बंगाली उदार आणि मराठी कोते, हा युक्तिवादही अधूनमधून कानी येतो. मिदनापूरला त्यांच्यामागे सत्तेवरच्या संयुक्त आघाडीचे बळ होते. मुंबईत त्यांच्यामागे सत्ता नव्हती, ती समोर होती.

पण माझा मुख्य पुरावा १९६७ नंतरचा आहे. भाषेने एकदा मतदारसंघ जिंकला असता तर तो तिच्याकडे राहिला असता. १९७१ ला इंदिरा लाटेत वायव्य मुंबईतून ह. रा. गोखले आणि ईशान्येतून राजाराम कुलकर्णी आले. दोघेही मराठी, आणि दोघेही सेनेचे नव्हेत. मग आली १९७७. ज्या ईशान्य मुंबईने ‘मद्राशी’ म्हणून मेनन यांना नाकारले असे आपण शिकतो, तिने अगदी दहा वर्षांनी सुब्रमण्यम स्वामी यांना लोकसभेत पाठवले. स्वामी तमिळ, मैलापूरचे. १९८० ला पुन्हा पाठवले, तेही देशभर इंदिरा काँग्रेसची लाट असताना. शेजारच्या वायव्य मुंबईने १९७७ आणि १९८० असे दोनदा राम जेठमलानी या सिंध्याला निवडले, १९८४ ला सुनील दत्त या पंजाब्याला. उत्तर मुंबई हे नाव तोवर नव्या सीमांसह परत आले होते. तिने १९७७ ला मृणाल गोऱ्यांना आणि १९८० ला रवींद्र वर्मा यांना निवडले. वर्मा केरळचे. म्हणजे उपनगरांनी मेनन यांच्यानंतर तेरा वर्षांनी पुन्हा एक मल्याळी दिल्लीला धाडला आणि ही गोष्ट कोणाच्या लक्षातही राहिली नाही, कारण तिच्यात ना कोणाचा विजय होता ना कोणाचा कलंक. शिवसेनेचा मुंबईतून पहिला खासदार लोकसभेत गेला तो १९८९ मध्ये, म्हणजे कथित पराक्रमाला बावीस वर्षे झाल्यावर, आणि तोही या उपनगरातून नव्हे.

मग ही कथा आली कुठून? माझा तर्क असा, की ती १९६७ मध्ये नव्हे, १९६८ नंतर रचली गेली. मार्च १९६८ मध्ये सेनेने महानगरपालिकेत ४२ जागा जिंकल्या आणि एकाएकी तिला मागचा इतिहास हवा झाला. मेनन यांचा पराभव हाताशी होता. काँग्रेसला आपले तिकिटाचे राजकारण झाकायचे होते, त्यामुळे तिने हरकत घेतली नाही. डाव्यांना ‘आपण काँग्रेसच्या यंत्रणेकडून हरलो’ म्हणण्यापेक्षा ‘फॅसिस्टांकडून हरलो’ म्हणणे बरे वाटले. आणि इंग्रजी स्तंभलेखकांना, ज्यांना उपनगर म्हणजे लोकलच्या खिडकीतून दिसणारा प्रदेश, एक सुटसुटीत तारीख मिळाली, जिच्या आधी मुंबई उदार होती आणि जिच्या नंतर नव्हती.

कुर्ला पूर्वेकडून चेंबूरकडे जाणाऱ्या रस्त्याला स. गो. बर्वे मार्ग असे नाव आहे. दिवसभर त्यावर रिक्षा, टेम्पो आणि बेस्टच्या बसगाड्यांची रीघ असते. पुण्यात त्यांच्या नावाचा चौक आहे, तिथे निदान पानशेतच्या निमित्ताने कोणाला तरी ते आठवतात. कुर्ल्याच्या रस्त्यावरच्या पाट्या बहुतेक ‘एस. जी. बर्वे’ असे लिहितात आणि कंडक्टर तेही न म्हणता पुढच्या नाक्याचे नाव घेतो.